शंभरातून त्रेसष्ट गेले, किती राहिले?

मुलांनो, वही बंद करा. पेन्सिल खाली ठेवा. बोटंसुद्धा मुठीत मिटून घ्या. आता मी एक गणित घालते, ते डोक्यातल्या डोक्यात करायचं.

१०० वजा ६३.

झालं? उत्तर ओठांवर आलं असेल तर तिथेच राहू द्या. मला उत्तर नकोच आहे. मला विचारायचंय ते वेगळंच. ते उत्तर तुमच्या डोक्यात कोणत्या वाटेनं आलं?

काहींनी डोळ्यांसमोर फळा आणला असेल. शंभरच्या खाली त्रेसष्ट मांडले असतील. शून्यातून तीन जात नाहीत म्हणून शेजारच्या घरी गेले असतील, तर तिथेही शून्यच! मग आणखी पलीकडे. आणि एवढ्या धावपळीत कोणता हातचा कुठे ठेवला तेच विसरले असतील. काहींनी ६४, ६५, ६६ असं मनात मोजायला सुरुवात केली असेल. काहींनी मात्र चटकन म्हटलं असेल, सदतीस!

या एवढ्याशा गणितानं मला, म्हणजे शिकवणाऱ्या बाईला, बरंच काही शिकवलं. ते कसं, तेच आज तुम्हांला सांगते.

वहीत एकशे त्रेसष्ट

मी कुडाळला प्राथमिक शाळेत शिकवते. चौथीच्या वर्गात एका सकाळी हेच गणित मी फळ्यावर घातलं होतं. वह्या तपासताना एका मुलीच्या वहीत उत्तर दिसलं १६३.

ती चुकली कशी ते पाहा. शून्य आणि तीन. मोठ्या अंकातून लहान अंक घालवायचा एवढंच तिच्या लक्षात होतं, म्हणून तिनं तीनातून शून्य घालवलं आणि लिहिले तीन. सहा आणि शून्य, लिहिले सहा. डावीकडचा एक आला तसाच खाली. झाले एकशे त्रेसष्ट.

मी लाल पेनानं काट मारली आणि वर मोठ्यानं म्हटलं, "अगं, शंभरातून काढले तर शंभरापेक्षा जास्त कसे उरतील?" माझा प्रश्न बरोबर होता, पण विचारायची रीत चुकली. सगळा वर्ग हसला. ती खाली बसली आणि पुढचे चार दिवस गणिताच्या तासाला तिनं एकदाही हात वर केला नाही.

मग आला आठवडा बाजार. शाळा सुटल्यावर मी भाजी घ्यायला गेले, तर तांबड्या भाजीच्या जुड्या आणि पडवळं मांडून तिची आई बसलेली, आणि शेजारी ही. मी भाजी घेतली. आई म्हणाली, "बाईनू, त्रेसष्ट झाले." मी शंभराची नोट दिली. आई दुसऱ्या गिऱ्हाइकाचं वजन करत होती. ती लेकीला म्हणाली, "गो, बाईंका उरलेले पैसे दी."

त्या मुलीनं डब्यात हात घातला आणि माझ्या तळहातावर एकेक ठेवत म्हणाली, "त्रेसष्ट. ह्ये दोन, पासष्ट. ह्ये पाच, सत्तर. ह्ये धा, ऐंशी. आणि ही वीसाची नोट. शंभर!"

मी हातातले पैसे पाहतच राहिले. दोन, पाच, दहा आणि वीस. सदतीस रुपये. एक रुपया कमी नाही, एक जास्त नाही. आकडे तेच होते, १०० आणि ६३. मुलगी तीच होती. फक्त वही नव्हती.

आणखी एक गंमत तुमच्या लक्षात आली का? 'सदतीस' हा शब्द तिनं उच्चारलाच नाही! वजाबाकी केली असं तिला वाटतच नव्हतं. ती त्रेसष्टच्या पायरीवरून शंभरच्या पायरीवर चढत गेली आणि चढताना जे जे लागलं ते माझ्या हातावर ठेवत गेली, एवढंच.

ब्राझीलचा नारळवाला

असं फक्त आपल्याच बाजारात घडतं असं समजू नका. ब्राझील देशात रेसिफे नावाचं समुद्रकाठचं शहर आहे. तिथेही आपल्या कोकणासारखेच नारळ. तिथल्या बाजारात माल विकणाऱ्या पाच मुलांचा तीन संशोधकांनी अभ्यास केला आणि तो १९८५ साली प्रसिद्ध केला. आधी ते गिऱ्हाईक म्हणून मुलांकडे गेले आणि हिशेब विचारले. मग तीच गणितं त्यांनी कागदावर घातली. बाजारात मुलांची शंभरातली ९८ उत्तरं बरोबर आली. कागदावरच्या नुसत्या आकडेमोडीत मात्र शंभरातली ३७!

त्यांतला बारा वर्षांचा एक मुलगा नारळ विकायचा. एक नारळ ३५ क्रुझेरोला. क्रुझेरो हे तिथलं त्या वेळचं नाणं. चार नारळांचे किती, असं विचारल्यावर त्यानं मनात हिशेब केला. तीन नारळांचे १०५ त्याला माहीतच होते. त्यात ३० मिळवले, १३५ झाले. राहिले ५, झाले १४०. अगदी बरोबर. नंतर त्यालाच कागदावर ३५ गुणिले ४ करायला सांगितलं, तर हातच्याच्या घोटाळ्यात उत्तर आलं २००. बाजारात त्यानं ३५ चे दोन तुकडे केले होते, ३० आणि ५. कागदावर मात्र त्याला नारळ दिसेनासे झाले, नुसते अंक उरले.

आपल्या देशातही असाच मोठा अभ्यास झाला. कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणारी मुलं आणि शाळेत जाणारी मुलं यांची गणितं संशोधकांनी पाहिली. त्या संशोधकांत अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो हे नोबेल पारितोषिक मिळवलेले अर्थशास्त्रज्ञही होते. २०२५ साली तो अभ्यास 'नेचर' या विज्ञानाच्या साप्ताहिकात छापून आला. बाजारातली मुलं अवघड हिशेब मनात करत होती, पण शाळेसारखं सोपं गणित कागदावर दिलं की अडत होती. आणि शाळेतली मुलं? ती कागदावरची गणितं करत होती, पण बाजारातला हिशेब आला की गडबडत होती. म्हणजे दोघांकडेही अर्धं अर्धं गणित होतं.

मग आपण ही दोन अर्धी एकत्र का आणू नयेत? दुसऱ्या दिवशी मी वर्गात तेच करायचं ठरवलं.

वर्गात भरला बाजार

टेबलावर खोट्या नोटा आणि खरी नाणी ठेवली. त्या मुलीला पुढे बोलावलं आणि म्हटलं, "काल माझे पैसे कसे परत दिलेस, ते सगळ्यांना दाखव." आधी ती गप्प उभी राहिली. मागच्या वेळचं हसणं ती विसरली नव्हती. मग मीच वर्गाला सांगितलं, की काल हिनं हे गणित पाटी-पेन्सिल न घेता केलं आणि मला ही रीत हिच्याकडून शिकायची आहे. तेव्हा कुठे तिनं नाण्याला हात लावला.

तिची रीत आम्ही फळ्यावर मांडली. एक आडवी रेघ. डाव्या टोकाला ६३, उजव्या टोकाला १००. मधे उड्या. ६३ पासून ७० पर्यंत ७ ची उडी. ७० पासून १०० पर्यंत ३० ची उडी. सात आणि तीस, सदतीस. हातचा नाही, उसना नाही. या रीतीला आमच्या वर्गात नाव पडलं 'चढती वजाबाकी'. बाजारात बरेच दुकानदार हीच वापरतात. तुम्ही पुढच्या वेळी उरलेले पैसे घेताना कान देऊन ऐका.

मग मुलं म्हणाली, "बाई, आणखी अशा युक्त्या आहेत?" आहेत तर! आम्ही गोळा केलेल्या काही तुम्हांलाही सांगते.

आधी दहाचे जोडीदार

सगळ्या युक्त्यांची पहिली पायरी म्हणजे दहाच्या जोड्या. १ ला ९, २ ला ८, ३ ला ७, ४ ला ६ आणि ५ ला ५. दोन्ही हातांची बोटं उघडा, तीन मिटा, किती उभी राहिली? सात. या पाच जोड्या मात्र तोंडपाठ हव्यात. 'आठ' म्हटलं की 'दोन' आलाच पाहिजे.

आता ८ अधिक ५ करा. आमच्या वर्गात आम्ही काजूबिया घेतो. एकीकडे आठ, एकीकडे पाच. आठला दहा व्हायला दोन हवेत. ते पाचातून घ्या. दहा झाले आणि पाचातले उरले तीन. तेरा! नऊ, दहा, अकरा, बारा, तेरा असं एकेक मोजायला नको.

शंभराच्या जोड्याही अशाच. ६३ चा जोडीदार ३७. दशकांकडे पाहा, ६ आणि ३ मिळून ९. एककांकडे पाहा, ३ आणि ७ मिळून १०. आता ४२ चा जोडीदार शोधा. दशकाला ९ व्हायला ५ हवेत, एककाला १० व्हायला ८ हवेत. म्हणून ५८. एककाच्या जागी शून्य असेल तर मात्र ही युक्ती नको. ४० चा जोडीदार ६० हे दिसतंच आहे. दशकांची बेरीज ९ च का ठेवायची, हे तुमचं तुम्ही शोधा. काजूबियांचे दहा-दहाचे ढीग मांडलेत तर लगेच सापडेल.

एका गणिताच्या चार वाटा

कुडाळहून मालवणला जायचं असेल तर कुणी कसालवरून जातो, कुणी नेरूरपारचा पूल ओलांडून चौक्यावरून जातो. पोचतात दोघंही मालवणलाच. बेरजेचंही तसंच आहे. ४७ अधिक २८ हे गणित मी वर्गाला तोंडी घातलं आणि उत्तर न विचारता वाट विचारली. चार मुलांनी चार वाटा सांगितल्या.

पहिला म्हणाला, "४७ मध्ये आधी २० मिळवले, ६७. मग ८ मिळवले, ७५."

दुसरी म्हणाली, "४० आणि २० साठ. ७ आणि ८ पंधरा. साठ आणि पंधरा पंचाहत्तर."

तिसरा म्हणाली, नव्हे, म्हणाला, "२८ ला मी ३० धरलं. ४७ आणि ३०, ७७. दोन जास्त घेतले होते ते परत दिले. ७५."

चौथी जरा वेळानं म्हणाली, "बाई, मी २८ मधले ३ उचलून ४७ ला दिले. झाले ५० आणि २५."

पाहा, चौघांचं उत्तर एकच. यांतली चांगली वाट कोणती? ज्याची त्याला सोपी वाटेल ती. चौथ्या मुलीला वेळ लागला, पण तिची वाट सगळ्यांत सुबक निघाली. म्हणून सांगते, मनातलं गणित म्हणजे शर्यत नव्हे. आधी उत्तर ओरडणारा हुशार आणि मागून सांगणारा ढ, असं मुळीच नसतं. आमच्या वर्गात तर आता नियमच आहे. उत्तर आलं तरी ओरडायचं नाही, छातीशी अंगठा धरून बसायचं. म्हणजे शेजाऱ्याचा विचार मोडत नाही.

एकोणतीस म्हणजे काय हो?

आता एक गंमत ऐका. तिसऱ्या मुलानं २८ ला ३० धरलं आणि मग दोन परत दिले ना? ही युक्ती तर आपल्या मराठी भाषेतच दडून बसली आहे!

'एकोणतीस' हा शब्द फोडून पाहा. एक, ऊन आणि तीस. 'ऊन' म्हणजे उन्हाळ्यातलं ऊन नव्हे बरं का! संस्कृतात 'ऊन' म्हणजे कमी. आपण वजाबाकीच्या चिन्हाला 'उणे' म्हणतो, तो याच शब्दाचा भाऊ. एकोणतीस म्हणजे एक कमी तीस. तसंच एकोणचाळीस, एकोणपन्नास, एकोणसाठ. एकोणीसपासून एकोणनव्वदपर्यंत हे आठही शब्द रोज आपल्याला वजाबाकी शिकवत असतात आणि आपलं लक्षच नसतं. नव्व्याण्णव तेवढा या पंगतीत बसत नाही.

मग ४६ अधिक २९ कसं करायचं? शब्द सांगतो तसंच. ४६ आणि ३०, ७६. एक उणा, ७५.

वजाबाकीत मात्र सांभाळा. ८४ वजा ३९ करताना ४० वजा केले तर उरतात ४४. आता एक आणखी काढायचा की परत घालायचा? इथेच बरेच जण फसतात. दुकानात आहोत असं समजा. द्यायचे होते ३९ आणि तुम्ही दिले ४०. एक रुपया जास्त गेला, तो दुकानदाराकडून परत घ्या. म्हणून ४५.

घड्याळातही हीच युक्ती आहे. 'पावणेपाच' म्हणजे पाचाला पाव तास कमी. 'पावणेदोनशे' म्हणजे दोनशेला शंभराचा पाव हिस्सा कमी, म्हणजे १७५. तुमच्या आजोबा-आजींना विचारा, त्यांतले काही जण शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी पाठ करत होते. त्या पाढ्यांवर बाजारातले हिशेब तोंडी होत.

सत्तावीस की वीस सात?

मराठी आपल्याला मदत करते तशी कधी थोडी अडचणही करते. 'सत्तावीस' म्हणताना आपण सात आधी म्हणतो आणि वीस नंतर. लिहिताना मात्र दोन आधी आणि सात नंतर. म्हणून दुसरीतली लहान मुलं सत्तावीस ऐकून ७२ लिहितात. त्यांना हसू नका, त्यांनी ऐकलं तसंच लिहिलेलं असतं. जर्मन मुलांचीही हीच गत, त्यांच्या भाषेतही 'सात आणि वीस' असंच म्हणतात. शेजारच्या कन्नडमध्ये मात्र 'इप्पत्तेळु' म्हणजे वीस आधी आणि सात नंतर.

२०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'सत्तावीस'बरोबर 'वीस सात' असं वाचायची रीतही दिली गेली, तेव्हा केवढा वाद झाला! वर्तमानपत्रांत लेख आले, विधानसभेतही तो विषय निघाला. गणित समितीच्या प्रमुख होत्या गणितज्ञ डॉ. मंगला नारळीकर. २०२३ साली त्या आपल्यातून गेल्या. जोडाक्षरांचे शब्द आणि अंकांचा उलटा क्रम लहान मुलांना जड जातो, म्हणून ही सोपी रीत, असं त्यांचं म्हणणं होतं. जुने शब्द काढून टाकलेले नव्हतेच, दोन्ही रीती दिल्या होत्या.

मला विचाराल तर 'सत्तावीस', 'त्र्याहत्तर' हे शब्द आपले आहेत, ते सोडू नका. पण मनात गणित करताना 'वीस सात' म्हणून पाहा. २७ अधिक ४५. वीस सात, चाळीस पाच. वीस-चाळीस साठ, सात-पाच बारा, बहात्तर. मोठा भाग आधी हाती लागतो आणि उत्तर साधारण केवढं येणार ते आधीच कळतं.

दोघांनाही सरकवा

आता एक शेवटची युक्ती. तुम्ही दहा वर्षांचे आणि तुमची धाकटी बहीण सात वर्षांची. फरक तीन वर्षांचा. आणखी पाच वर्षांनी तुम्ही पंधरा, ती बारा. फरक? तीनच! दोघांचं वय सारखंच वाढलं तर फरक बदलत नाही.

मग ७१ वजा ४८ करताना दोघांचंही वय दोननं वाढवा. ७३ वजा ५०. उत्तर २३, हातच्याशिवाय.

देवळालीच्या मास्तरांचा खेळ

या युक्त्या कुठे वापरायच्या? बाजारात तर आहेतच. पण मी तुम्हांला एक खेळ देते. तो आपल्याच महाराष्ट्रातल्या एका शाळामास्तरांशी जोडलेला आहे.

दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १९०५ साली डहाणूला झाला. नाशिकजवळच्या देवळालीला १९३० ते १९६२ अशी बत्तीस वर्षं ते शाळेत शिकवत होते. मोठं विद्यापीठ नाही, प्रयोगशाळा नाही. पण आकड्यांशी खेळायचा नाद भारी. त्या नादात त्यांना ६१७४ ही संख्या सापडली. १९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत त्यांनी तिची गंमत सांगितली. १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी अमेरिकेतल्या 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकात कापरेकरांविषयी लिहिलं आणि देवळालीच्या मास्तरांचं नाव जगभर झालं.

खेळ असा. चार अंकी कोणतीही संख्या घ्या, फक्त चारही अंक एकच नकोत. आपण १९८१ घेऊ, कारण त्या वर्षी आपला सिंधुदुर्ग जिल्हा झाला. अंक मोठ्याकडून लहानाकडे लावा, ९८११. उलटे लावा, ११८९. वजा करा, ८६२२. पुन्हा तसंच करा.

८६२२ वजा २२६८, ६३५४.
६५४३ वजा ३४५६, ३०८७.
८७३० वजा ०३७८, ८३५२.
८५३२ वजा २३५८, ६१७४.

आणि आता पुढे जाऊन पाहा. ७६४१ वजा १४६७, पुन्हा ६१७४! इथून सुटकाच नाही. कोणतीही संख्या घ्या, फार तर सात पायऱ्यांत तुम्ही ६१७४ ला पोचताच. याला 'कापरेकर स्थिरांक' म्हणतात.

चार अंकी वजाबाक्या मनात जड वाटत असतील तर तीन अंकी खेळा. तिथे शेवट होतो ४९५ वर. ३५२ घेऊ.

५३२ वजा २३५, २९७.
९७२ वजा २७९, ६९३.
९६३ वजा ३६९, ५९४.
९५४ वजा ४५९, ४९५.

नीट पाहा. दुसऱ्या पायरीपासून वजा होणारी प्रत्येक संख्या कोणती आहे? दोनशे एकोणऐंशी, तीनशे एकोणसत्तर, चारशे एकोणसाठ. सगळे 'एकोण'वाले! म्हणजे दर वेळी पुढचं पूर्ण दशक वजा करायचं आणि एक परत घ्यायचा. ९६३ वजा ३७०, ५९३. एक परत, ५९४. असं का होतं? पहिल्या वजाबाकीच्या उत्तरात मधला अंक नेहमी ९ येतो. तो का येतो, हे आठवी-नववीतल्या ताई-दादांनी शोधून काढावं. धाकट्यांनी खेळून पाहावं. उत्तर दोन अंकी, ९९ आलं तर पुढे शून्य लावून ०९९ धरायचं, एवढं लक्षात ठेवा.

मग कागद कशाला?

कुणी म्हणेल, मनात एवढं होतं तर कागदावर मांडायचंच कशाला? तसं नाही हं. मोठे आकडे, लांबलचक बेरजा कागदावरच कराव्यात, त्यासाठीच ती रीत आहे. पण मनातलं गणित म्हणजे कागदावरच्या गणिताचा राखणदार. चोर आत शिरला की तो भुंकतो.

त्या मुलीचंच सांगते. परवाच्या चाचणीत १००० वजा ४५७ होतं. मी बाकांमधून फिरत होते. तिनं नेहमीच्या रीतीनं मांडलं आणि उत्तर लिहिलं ६४३. लिहून झाल्यावर थांबली. ओठ हलायला लागले. "चारशे सत्तावन. तीन, चारशे साठ. चाळीस, पाचशे. पाचशे, हजार." तिनं ६४३ वर आडवी रेघ मारली आणि शेजारी ५४३ लिहिलं.

काट तिची तिनंच मारली होती. माझ्या लाल पेनाचं तिथे कामच उरलं नव्हतं.

तुमच्या घरात धाकटं भावंडं असेल आणि त्याचं गणित चुकलं असेल, तर एक कराल? उत्तर सांगू नका. हसू तर मुळीच नका. फक्त विचारा, "कसं केलंस ते सांग बघू." ते सांगता सांगताच त्याला चूक सापडेल. आणि कोण जाणे, कदाचित तुम्हांलाच एखादी नवी वाट सापडेल.

करून पाहा (मनातल्या मनात!)

१) ५८ अधिक ३७. दोन वेगळ्या वाटांनी करा.
२) ६२ वजा २९. 'एकोण'ची युक्ती वापरा.
३) १०० रुपये दिले, ४६ रुपयांची खरेदी झाली. उरलेले पैसे दुकानदारासारखे मोजून द्या.
४) मालवणच्या सिंधुदुर्ग किल्ल्याचं बांधकाम १६६४ साली सुरू झालं. तेव्हापासून २००० सालापर्यंत किती वर्षं झाली? पायऱ्या चढत जा.
५) कुडाळ स्टेशनवर गाडी २ वाजून ४८ मिनिटांनी यायची आहे. पावसामुळे ती ५५ मिनिटं उशिरा येणार आहे. किती वाजता येईल? (एक तास धरा आणि पाच मिनिटं परत घ्या.)
६) तुमच्या जन्मसालाचे चार अंक घ्या आणि ६१७४ पर्यंत किती पायऱ्या लागतात ते मोजा.

उत्तरं : १) ९५. २) ३३. ३) ५४ रुपये. ४) ३३६ वर्षं. ५) ३ वाजून ४३ मिनिटांनी. ६) ज्याचं त्यानं मोजावं, पण सातपेक्षा जास्त आल्या तर कुठेतरी वजाबाकी चुकली आहे. शोधून काढा!